ना हरकत दाखल्यावरची माझी सही: डोंगरउतारावरच्या गावातून राज्य शासनाला खुलं पत्र

प्रति,
नगरविकास, महसूल, ग्रामविकास आणि पर्यावरण ही खाती सांभाळणारे मंत्री व अधिकारी,
मंत्रालय, मुंबई

विषय: आमच्या डोंगराबाबत आम्हाला न विचारता होणारे निर्णय

सप्रेम नमस्कार.

2017 साली मी एका कागदावर सही केली. कागद अर्ध्या पानाचा. 'सदर गट नंबरमध्ये करावयाच्या कामास ग्रामपंचायतीची हरकत नाही', खाली सरपंच म्हणून माझं नाव आणि शेजारी गोल शिक्का. फाइल घेऊन आलेला माणूस मोठा बोलका होता. वरच्या टेपावर, म्हणजे डोंगराच्या उंचवट्यावर प्लॉट पडतील, रस्ता होईल, पोरांना मुंबई गाठावी लागणार नाही, म्हणाला. माझा थोरला तेव्हा वाशीच्या मार्केटात माथाडी होता, पाठीवर पोती वाहत होता. मी सही केली.

त्या हिवाळ्यात टेपावर पोकलेन चढला. घरांच्या वरच्या अंगाला, माथ्यावरच्या पठाराच्या म्हणजे सड्याच्या कडेखाली त्याने रस्ता कापला. निघालेला मुरूम आणि माती सरळ ओढ्याच्या तोंडात ढकलली. 2019 च्या होळीला आमचा वरचा झरा आटला. 1972 च्या दुष्काळातसुद्धा तो आटला नव्हता, असं सासूबाई सांगायच्या. पुढे 2021 च्या जुलैत तो सगळा मुरूम पावसाबरोबर खाली भाताच्या खाचरांत उतरला. माणूस गेलं नाही. दोन म्हशी गेल्या आणि चार घरांची खाचरं कायमची गाडली गेली. डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात, आमच्याकडे चिखल निघाला.

सही करायला मला दोन मिनिटं लागली. तेव्हापासून त्या सहीचं पाणी मी आणि गावच्या बाया डोक्यावरून वाहतोय.

हे आधीच सांगितलं, कारण पुढे मी जे लिहिणार आहे त्यावर 'तुम्हीच तर दाखले दिलेत' असं उत्तर येणार, हे मला माहीत आहे. एका कार्यालयात ते तोंडावर ऐकून झालंय. हो, दिला. का दिला आणि तो देणं इतकं सोपं का होतं, तेच आज सांगायचं आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या शिवसागर जलाशयाच्या काठावरची. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर चौकशी गावाची होईल, प्रश्न बाजूला राहतील. आम्ही या उतारावर हौसेने राहायला आलेलो नाही. साठच्या दशकात कोयनेचं धरण भरलं आणि नदीकाठचं जुनं गाव, देऊळ, भातखाचरं सगळं पाण्याखाली गेलं. काही भावकीला ठाणे, रायगड, सोलापूरकडे जमिनी दाखवल्या. बाकीचे पाणी चढेल तसे डोंगरावर सरकत गेले. सासूबाई तेव्हा नवी नवरी होत्या. घरं कुठे बांधायची, हे म्हाताऱ्यांनी झरा बघून ठरवलं. तिथे इंजिनिअर नव्हता आणि नकाशाही नव्हता. जिथे वैशाखात दगडाखालून पाणी येतं ती जागा धरायची आणि ओढ्याच्या वाटेत घर घालायचं नाही, एवढे दोनच नियम. त्या धरणाच्या विजेवर राज्य उजळलं. आमच्याकडे दिवा यायला पुष्कळ वर्षं लागली, पण ते रडगाणं जुनं झालं. 1985 मध्ये कोयना अभयारण्य आलं, 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. खाली पाणी, पाठीशी वाघाचं रान, आणि मधल्या उताराच्या पट्टीवर आम्ही. आता त्या पट्टीवरही नजर गेली आहे.

आमचा डोंगर आतून कसा आहे ते थोडं सांगते, कारण फाइलींमध्ये हे कुठे सापडत नाही. माथ्यावर सडा असतो, म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. जांभा सच्छिद्र, पाऊस पिऊन घेणारा. त्याच्याखाली चिकण मातीचा थर असतो, आम्ही तिला शेडी म्हणतो. वरून झिरपलेलं पाणी शेडीपर्यंत येऊन अडतं आणि मग आडवं सरकत उताराच्या पोटातून बाहेर पडतं. तोच झरा. म्हणून आमच्या भागातल्या वाड्या एका रेषेत, जवळपास एकाच उंचीवर बसलेल्या दिसतील. ती रेष पाण्याची आहे. आता गंमत अशी, की रस्ता कापायला किंवा बंगल्यासाठी जागा सपाट करायला सोयीची तीच रेष असते, कारण सड्याची कड उभी असते आणि तिच्याखाली जरा पाय टेकायला जागा मिळते. तिथे पोकलेनचा दात लागला की झऱ्याची नस तुटते. पाणी मग नवी वाट शोधतं आणि मातीच्या पोटात भलतीकडेच साचतं. झरा आटणं आणि दरड सुटणं ही आमच्याकडे सख्खी भावंडं आहेत.

आता तक्रारी. क्रमाने लिहिते, पण सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली तक्रार नकाशाची. 2019 मध्ये 'नवीन महाबळेश्वर' गिरिस्थानासाठी आमच्या भागातली 52 गावं घेतली आणि नियोजनाचा अधिकार महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे दिला. पुढे सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांतली मिळून ती 235 गावं झाली. रस्ते बांधणारं महामंडळ आता गावं आखणार! रस्ते बांधणाऱ्याला डोंगरात आधी काय दिसेल, ते मी वेगळं सांगायला नको. हे 1966 च्या नगररचना कायद्यातल्या विशेष नियोजन प्राधिकरणाच्या तरतुदीने झालं, म्हणजे कायदेशीर आहे, मान्य. पण त्यानंतर 1992 मध्ये घटनेची 73 वी दुरुस्ती झाली. तिच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी 29 विषय लिहिले आहेत. मृदसंधारण, पाणलोट, गौण वनउपज, पिण्याचं पाणी, सगळं त्यात आहे. सरपंच झाल्यावर प्रशिक्षणात आम्हाला ते पाठ करायला लावलं होतं. मग 235 गावांचा आराखडा करताना ते विषय कुठे जातात? ग्रामसभेचं काम तेव्हा एकच उरतं: प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर कायद्याने दिलेल्या 30 दिवसांत हरकती नोंदवायच्या. ज्या वाडीत मोबाईलची रेंज झाडावर चढल्याशिवाय येत नाही, तिथल्या धनगराने संकेतस्थळावर नकाशा उघडायचा, रंगांची सूची वाचायची आणि आपला गट पिवळ्यात पडतो की हिरव्यात, ते शोधायचं. आणि 30 दिवसांत ते शोधलंच, तरी त्या रंगांत त्याचा झरा त्याला सापडायचा नाही.

दुसरी तक्रार, एकाच डोंगराला दोन कायदे शिकवण्याची. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 2011 मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला. त्यातली मला भावलेली गोष्ट अशी, की काय राखायचं आणि काय करायचं ते ग्रामसभांशी बोलून ठरवा, असा त्यांचा आग्रह होता. तो अहवाल आमच्यापर्यंत आलाच नाही. अफवा मात्र आली: घरावर कौल घालता येणार नाही, शेण सारवता येणार नाही, गुरं विकावी लागतील. तयार छापलेला विरोधाचा ठराव घेऊन एक कार्यकर्ता आला आणि आमच्या सभेने न वाचता हात वर केले. पुढे त्याच घाटासाठी नेमलेल्या दुसऱ्या, कस्तुरीरंगन समितीचा अहवाल 2013 मध्ये आला, आणि घाटाचा काही भाग पर्यावरण संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या केंद्राच्या प्रारूप अधिसूचना 2014 पासून निघू लागल्या. सहावी 31 जुलै 2024 ची. त्याच्या आदल्या दिवशी वायनाडमध्ये डोंगर खाली आला होता. त्या प्रारूपांत महाराष्ट्राचं 17,340 चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. हे पत्र लिहीपर्यंत अंतिम अधिसूचना नाही.

पुष्कळ उशिरा मी एका शिक्षकाला बसवून ते प्रारूप मराठीतून समजून घेतलं. बंदी कशावर आहे? खाणी आणि दगडखाणींवर. औष्णिक वीज प्रकल्पांवर. सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या, लाल वर्गातल्या उद्योगांवर. 20,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या नव्या बांधकामांवर, आणि मोठ्या नगरांवर. आमच्या गावातली सगळी घरं, शाळा, देऊळ आणि गोठे धरले तरी 20,000 चौरस मीटर भरत नाहीत. राहतं घर दुरुस्त करायला किंवा वाढवायला ते प्रारूप आडवं येत नाही. म्हणजे ज्याची भीती आम्हाला घातली, ती बंदी मुळात आमच्यावर नव्हतीच. ती ज्यांच्यावर होती त्यांच्यासाठी आम्ही हात वर केले. आयजीच्या जिवावर बायजी उदार ऐकलं होतं. इथे बायजीला आपण उदार झालोय याचा पत्ताही नव्हता.

आता सांगा, मोठी नगरं नकोत असं म्हणणारं प्रारूप दहा वर्षांहून जास्त काळ लटकत ठेवायचं आणि त्याच काळात त्याच डोंगररांगेत नवं गिरिस्थान आखायचं, याचा अर्थ गावाने काय लावायचा? शेजारी महाबळेश्वर-पाचगणीला 17 जानेवारी 2001 च्या अधिसूचनेने पर्यावरण संवेदनशील क्षेत्र केलं. का, तर तिथे गर्दी, सांडपाणी आणि बांधकामं डोंगराला सोसेनाशी झाली म्हणून. जुन्या महाबळेश्वरला जे सोसलं नाही तेच नव्या महाबळेश्वरला सोसेल, हे कोणत्या डोंगराला विचारून ठरवलं?

तिसरी तक्रार लिहिताना हात थबकतो. 30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं. गाव नाहीसं झालंय हे पहिल्यांदा एसटीच्या चालकाला कळलं, कारण रोजच्या जागी त्याला गाव दिसेना. 151 माणसं गेली. 22 जुलै 2021 ला महाडचं तळीये, ऐंशीहून जास्त. त्याच पावसात आमच्या जिल्ह्यात, पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे. त्या दिवसांत महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आमच्याकडे किती पडला, कोणाला ठाऊक नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं बेपत्ता जाहीर झाली. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे शासनानेच विधानसभेत सांगितलं. म्हणजे यादीत नसलेलं गाव सुरक्षित, असं समजून झोपायला आता कोणी तयार नाही.

आणि यादीत असून काय होतं तेही सांगते. दर जूनमध्ये नोटीस येते: 'अतिवृष्टीच्या काळात सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे.' सुरक्षित स्थळ कोणतं, गुरं कुठे बांधायची, भाडं कोण देणार, लावणी कोणी करायची, त्यात काही नसतं. नोटिशीवर सही घेतात, म्हणजे उद्या काही झालं तर 'कळवलं होतं' म्हणता येतं. माझ्या कारकिर्दीत मीही घरोघर फिरून अशा सह्या घेतल्या. एका म्हातारीने विचारलं, "सरपंचबाई, डोंगर पडायच्या आधी तुमचा कागद येतो, मग डोंगर कापायच्या आधी का येत नाही?" मला उत्तर सुचलं नाही. तिचा प्रश्न तसाच तुमच्याकडे पाठवते.

पाऊस महसूल मंडळाच्या ठिकाणी मोजतात. घाटमाथ्यावर एका खिंडीच्या अलीकडे कोसळतो तेव्हा पलीकडे नुसतं धुकं असतं. आमच्या शाळेतल्या गुरुजींनी सरळ काठाचा डबा आणि पट्टी घेऊन चार वर्षं पाऊस मोजला, वहीत लिहिला. कोणत्या आकड्यानंतर ओढ्याचं पाणी लाल होतं, हे ती वही बघून आम्हाला सांगता येतं. गुरुजींची बदली झाली. वही माझ्याकडे आहे.

पाण्याबद्दल थोडक्यात. साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात एप्रिलमध्ये टँकर लागतो. 2019 मध्ये जल जीवन मिशन आलं, माणशी रोज 55 लिटर. नळ बसले, छान निळे पाईप आले. पाईपच्या वरच्या टोकाला जो झरा धरायचा होता तो माझ्या सहीने आटलेला. योजना करणाऱ्यांनी नळ मोजले, झरे मोजले नाहीत. टेपावरच्या बंगल्यांना मात्र पोहण्याचा तलाव आहे आणि तो भरलेला असतो. पाणी कुठून येतं ते रात्री टँकरचा आवाज सांगतो.

आणखी एक. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकांना विचारून नोंदवही करावी, असा 2002 चा कायदा. वर्षानुवर्षं कोणी विचारलं नाही. मग हरित न्यायाधिकरणाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली, उशिरासाठी राज्यांना महिना 10 लाखांचा दंड ठेवला आणि एकदम घाई उडाली. आमची नोंदवही कोण्या संस्थेने आठ दिवसांत आणून दिली, सुंदर बांधणीची. पान उघडून बघते तर आमच्या गावात खारफुटी! समुद्र आमच्यापासून एक सह्याद्री पलीकडे. हसून घेतलं. पण मग लक्षात आलं, की देवराईतला गारंबीचा वेल, सड्यावर श्रावणात येणारी इवली फुलं, धनगरांची औषधी मुळं, यातलं काहीही त्यात नाही. उद्या एखाद्या प्रकल्पाला विरोध करताना आम्ही हीच वही पुढे करणार, आणि समोरचा खारफुटीचं पान उघडून दाखवणार.

कचऱ्याचं लिहीत नाही. बामणोली-तापोळ्याकडे शनिवार-रविवारी एकदा चक्कर मारा, पुरे.

आता आमची बाजूही उघडी करते. या भागातल्या जमिनी कोणी बळजबरीने ओढून नेल्या, असं सरसकट म्हणता येणार नाही. पुष्कळांनी स्वतः विकल्या, कोणी मुलीच्या लग्नासाठी, कोणी मुंबईतल्या खोलीसाठी. नाचणी आणि वरीवर घर चालत नाही. ग्रामसभेला माणसं येत नाहीत. कोरम 15 टक्के मतदारांचा किंवा 100 चा, यांत जो कमी असेल तो. आमच्याकडे तोही भरत नाही, कारण निम्मे मतदार मुंबईत. मग सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही. 2017 चा माझा ठराव अशाच सभेत, चौदा माणसांपुढे झाला. बाकीच्या सह्या शिपायाने नंतर प्रोसिडिंगवर घरोघर जाऊन आणल्या. ठराव कशाचा, हे निम्म्यांना ठाऊक नव्हतं. बाई सरपंच म्हणून मला बाहेर मान होता, पण कोणत्या कागदाचा परिणाम काय होईल, हे सांगायला शेजारी कोणी नव्हतं. ग्रामसेवकाकडे चार गावं. ज्याला त्या कागदाची गरज होती त्याच्याकडे मात्र वकील होता, आर्किटेक्ट होता आणि वेळही होता.

तर ग्रामसभा दुबळी आहे. पण म्हणून तिला बाजूला सारायचं, की तिला ताकद द्यायची? कास पठारावर आजूबाजूच्या गावांची समिती वन विभागाबरोबर फुलांच्या हंगामात गर्दी आवरते, प्रवेशशुल्क घेते, त्यातून गावच्या पोरापोरींना काम मिळतं. कुरबुरी तिथेही आहेत. तरी 'गावाला काय कळतं' हे म्हणायला कासनंतर जागा उरत नाही. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि आपलं जंगल स्वतः चालवून दाखवलं. तिथेही माणसंच राहतात.

आणि एक गैरसमज नको. आम्हाला विकास नको, असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात बंद न पडणारी एसटी हवी. बाळंतिणीला डालग्यातून न नेता दवाखाना गाठता यावा. पर्यटक यावेत, आमच्या घरी उतरावेत, नाचणीची भाकरी आणि घेवड्याची आमटी खावी, पैसे द्यावेत. थोरला दोन वर्षांपूर्वी परत आला आहे, घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. त्याला टेपावरच्या बंगल्यावर वॉचमनची नोकरी मिळत होती. त्याने घेतली नाही. म्हणाला, आपल्याच झऱ्यावर पहारा कशाला?

मागण्या लिहिते.

डोंगरउतारावर कापणी, भर, रस्ता, प्लॉटिंग यांपैकी काहीही करायचं असेल तर सरपंचाच्या सहीचा ना हरकत दाखला पुरेसा धरू नका. संपूर्ण ग्रामसभेची आधी संमती घ्या, आणि या विषयाला तहकूब सभा चालणार नाही, असा नियम करा. सभा चैत्रातल्या यात्रेच्या वेळी घ्या, मुंबईकर तेव्हा गावात असतात. नकाशा देवळाच्या भिंतीवर लावा आणि तो आखणाऱ्या माणसाला तिथे उभं करा. ग्रामसभा नाही म्हणाली तर ते 'नाही' बंधनकारक असू द्या.

नवीन महाबळेश्वरच्या आराखड्यात प्रत्येक झरा, ओढा, देवराई, पाणवठा आणि धनगरवाडा गावकऱ्यांना बरोबर घेऊन, पायी फिरून नोंदवा. झऱ्याच्या वर आणि सड्याच्या कडेखाली खोदकाम बंद ठेवा. ही नोंद होईपर्यंत या गावांत नवी बांधकाम परवानगी देऊ नका. आधी परवानगी आणि मग सर्वेक्षण, हा उलटा क्रम आम्ही एकदा भोगलाय.

1:5 किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम नको, असा नियम तुमच्याच विकास नियंत्रण नियमावलीत आहे. तो उतार कागदावर न मोजता जागेवर, ग्रामपंचायतीसमोर मोजा. पोकलेनने आधी जमीन सपाट करून मग 'उतार नाही' असा दाखला घेता येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पर्यावरण संवेदनशील क्षेत्राबाबत राज्याने केंद्राला नेमकं काय कळवलं आहे, ते मराठीत जाहीर करा. कोणती गावं वगळा म्हणालात आणि का, तेही. प्रारूपात काय बंद आहे आणि काय चालू आहे, याचं दोन पानी साधं पत्रक प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवा. त्यानंतर जो ठराव होईल तो आमचा. 2014 च्या सुमाराचे छापील ठराव आमचे म्हणून पुढे करू नका.

प्रत्येक ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक द्या आणि तो वाचायला गावातल्याच एका मुलीला मानधनावर नेमा. किती पावसानंतर घरं सोडायची तो आकडा भूवैज्ञानिकांनी गावाबरोबर बसून ठरवावा. त्या आकड्यावर स्थलांतराचा निर्णय घ्यायचा अधिकार आणि त्यासाठीचे पैसे गावाकडे आधीच असावेत. गुरांच्या छपरासकट.

शेवटची मागणी माझ्याच अंगावर येणारी आहे. गेल्या पंधरा वर्षांत डोंगराळ तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींनी दिलेले सगळे ना हरकत दाखले, त्यांचे ठराव आणि सभेला प्रत्यक्ष हजर असलेल्यांची संख्या, हे सगळं पंचायतीच्या फलकावर लावायला सांगा. सुरुवात आमच्या गावापासून झाली तरी चालेल.

हे पत्र मी 1 मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवणार आहे आणि प्रोसिडिंगला लावायला सांगणार आहे. तुमचं उत्तर आलं तर तेही 15 ऑगस्टला वाचू. 2017 च्या दाखल्याची आणि गुरुजींच्या वहीतल्या जुलै 2021 च्या पानांची प्रत मंत्रालयाला पाठवलेल्या पत्रासोबत जोडली आहे. पान 22 तारखेला अर्धवट थांबतं, कारण त्या दिवशी दुपारी डबा वाहून गेला.

आपली,
एक माजी सरपंच,
शिवसागर जलाशयाचा काठ, जि. सातारा

ता. क. पाहणीला यायचं असेल तर फेब्रुवारीत येऊ नका, तेव्हा सगळेच येतात. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात या. शेवटचे तीन किलोमीटर चालावं लागेल. सड्यावर छत्री टिकत नाही, आमच्याकडे तीन इरली शिल्लक आहेत.